शहाडच्या सांडपाण्यातला गॅस शहराचा, गाळ मात्र आपल्या शेतात येणार

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडते आणि आंबिवलीच्या आधी उल्हास नदी ओलांडते. उन्हाळ्याच्या तोंडाला या पुलावरून खाली पाहिले की बऱ्याच वर्षी पाणी दिसत नाही, दिसते ती हिरवीगार जलपर्णी. प्रवाशाला ती घाण वाटते. शेतकऱ्याने मात्र तिच्याकडे पिकाकडे पाहावे तसे पाहावे. इतकी जोमदार वाढ खताशिवाय होत नाही. त्या पाण्यात नत्र आहे, स्फुरद आहे, आणि त्यातले बरेचसे वरच्या अंगाच्या शहरांच्या सांडपाण्यातून आलेले आहे.

हा विषय आत्ता घेण्याला कारण आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शहरांतील सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्याचा पुनर्वापर करण्याच्या धोरणाला मान्यता दिली. दुसरीकडे केंद्र सरकारने शहरांत गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना बायोगॅसपासून बनवलेला कॉम्प्रेस्ड बायोगॅस मिसळणे बंधनकारक केले आहे. २०२५-२६ मध्ये १ टक्का, मग ३, ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. म्हणजे सांडपाण्याला धोरण मिळाले आणि त्यातून निघणाऱ्या गॅसला गिऱ्हाईक मिळाले. येत्या काही वर्षांत कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ‘सांडपाण्यातून ऊर्जा’ हे शब्द तुमच्या कानावर वारंवार पडतील.

या प्रकल्पांच्या बातम्यांत एक गोष्ट सहसा नसते. गॅस जळून जातो, वीज तारेत जाते, पण टाकीच्या तळाशी गाळ उरतो आणि तो रोज उरतो. त्याला कुठेतरी जावे लागते. शहराला सर्वांत जवळची आणि स्वस्त जागा म्हणजे कल्याण, मुरबाड, भिवंडी आणि शहापूर तालुक्यांतील शेते. ‘मोफत सेंद्रिय खत’ म्हणून ट्रॉली बांधावर येईल तेव्हा घ्यायचे की नाही, घेतले तर कोणत्या पिकाला आणि किती, हे ठरवण्यापुरती माहिती आजच गाठीशी असलेली बरी.

गोबरगॅसचाच थोरला भाऊ

तुमच्याकडे गोबरगॅस असेल तर विनाऑक्सिजन पचन तुम्हाला वेगळे शिकवायला नको. हवा नसलेल्या टाकीत सूक्ष्मजीवांची एक फळी शेणातील मोठे कण विरघळवते, दुसरी त्यांची आम्ले करते आणि शेवटची फळी त्या आम्लांपासून मिथेन तयार करते. ही शेवटची फळी सर्वांत नाजूक. सामू साधारण ६.८ ते ७.४, तापमान ३० ते ३८ अंश, आणि खाद्य रोज सारख्या प्रमाणात, एवढे तिला लागते. थंडीत गोबरगॅस मंदावतो तो हिच्यामुळे. युरोपात टाकी तापवण्यावरच बराच गॅस खर्च होतो. आपल्या कोकणपट्टीच्या हवेत तो खर्च जवळपास वाचतो, ही आपली जमेची बाजू.

मैल्यापासून गॅस काढणेही आपल्याला नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच मैल्याच्या टाकीतील गॅस गोळा केला जात होता. जगातील सुरुवातीच्या उदाहरणांत त्याची नोंद होते. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखत आणि गोबरगॅसवर काम केले. पुण्याजवळच्या देहू गावात डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयाला थेट बायोगॅस टाकी जोडण्याची ‘मलप्रभा’ पद्धत रुजवली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सोनखत हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होता, आणि त्यात सोने उगाच नव्हते.

मग शहरे हे सर्रास का करत नाहीत? त्यासाठी आकड्यांकडे वळू.

पाणी फार, माल थोडा

एका गायीच्या रोजच्या १० किलो शेणातून ३५० ते ४०० लिटर गॅस मिळतो. शहरातील एका माणसाच्या सांडपाण्यातून, प्रक्रिया केंद्रात वेगळा झालेला गाळ पचवल्यावर, आपल्याकडच्या पातळ सांडपाण्यात १५ ते २० लिटर धरता येतो. म्हणजे एका गायीची बरोबरी करायला सुमारे वीस माणसे. फरक मुख्यतः पाण्याचा आहे. शेणात आपण बरोबरीने पाणी घालतो. शहरात मात्र संडास, मोरी, कपडे-भांडी सगळ्यांचे मिळून माणशी रोज शंभर लिटर आणि त्याहून जास्त पाणी वाहून येते. पावसाळ्यात गटारांचे पाणी त्यातच मिसळते, मग तर बघायलाच नको.

हिशोब जरा पुढे नेऊ. हा ढोबळ आहे, पण अंदाज येण्यापुरता पुरेसा आहे. एक लाख वस्तीचे सांडपाणी म्हणजे रोज सुमारे १ कोटी लिटर. त्यातून माणशी १५ लिटरने दीड हजार घनमीटर गॅस, आणि एका घनमीटरला १.८ युनिट धरले तर २,७०० युनिट वीज. तेवढेच पाणी हवा फुंकून शुद्ध करायला चार हजार युनिटांच्या आसपास वीज लागते. निष्कर्ष असा की सांडपाण्याचा गॅस केंद्राचे स्वतःचे वीजबिल निम्म्याने किंवा थोडे जास्त कमी करू शकतो. शहर उजळून टाकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती. तेवढ्या सगळ्यांचे सांडपाणी व्यवस्थित केंद्रात पोहोचले असे मानले तरी साधारण ३४ हजार युनिट होतात, म्हणजे पाच-सहा हजार घरांची रोजची वीज. कोणी याहून मोठे आकडे भाषणात सांगत असेल तर ते आकडे कागदावर मागा.

वीजबिल निम्मे होणे ही किरकोळ गोष्ट नाही, हेही सांगायला हवे. महाराष्ट्रात सांडपाणी केंद्रे बांधून ठेवलेली आहेत आणि ती पूर्ण चालत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यातील शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते, बसवलेली क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष वापर ४,२४२ दशलक्ष लिटरचा. क्षमता आणि वापर यांतील ही दरी पडण्यामागे नळजोडण्या नसणे हे एक कारण आणि विजेचा खर्च हे दुसरे. ज्या केंद्राचे बिल गॅस भागवतो, ते रात्रीही चालू राहण्याची शक्यता जास्त.

पण इथे एक तांत्रिक निवड आडवी येते. गेल्या काही वर्षांत बहुतेक पालिकांनी एसबीआर पद्धतीची केंद्रे पसंत केली. जागा कमी लागते, पाणी स्वच्छ निघते. मात्र यात सुरुवातीला गाळ वेगळा काढण्याची टाकी सहसा नसते, सगळा माल हवेच्या टाकीत जातो आणि मिथेन होऊ शकणारे कर्ब तिथेच जळून जाते. वर वीज आपणच पुरवायची. म्हणजे शेण उन्हात वाळवून मग गोबरगॅसमध्ये टाकण्यासारखे हे आहे. असे केंद्र बांधल्यावर मागाहून ‘आता गॅस काढू’ म्हणून फारसे हाती लागत नाही. ऊर्जा मिळणार की नाही हे निविदेच्या दिवशीच ठरते.

दुसरी गळती घराघरांतली. कल्याण परिसरात अनेक इमारती आणि चाळी अजून सेप्टिक टाकीवर आहेत. सेप्टिक टाकी म्हणजे झाकण फुटका गोबरगॅसच. मैला तिथेच कुजतो, मिथेन हवेत जातो, आणि केंद्राकडे जाते ते सत्त्व निघून गेलेले पाणी.

नाशिकने पाणी टाळले

राज्यात यावर शहाणपणाचा प्रयोग नाशिकमध्ये झाला. जर्मन सहकार्य संस्था जीआयझेडच्या मदतीने नाशिक महापालिकेने २०१७ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. त्यात गटाराचे पातळ पाणी घेतलेलेच नाही. सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतील मैला आणि हॉटेलांचा ओला कचरा एकत्र पचवायचा, क्षमता रोज ३० टन, आणि उद्दिष्ट दरमहा सुमारे ९९ हजार युनिट विजेचे, म्हणजे रोजचे ३,३०० युनिट.

वरच्या हिशोबाशी हा आकडा ताडून पाहा. लाख माणसांच्या एक कोटी लिटर सांडपाण्यातून २,७०० युनिट, आणि ३० टन घट्ट मालातून ३,३०० चे उद्दिष्ट. ऑस्ट्रियातील स्ट्रास येथील सांडपाणी केंद्र २००५ पासून स्वतःला लागते तेवढी किंवा जास्त वीज बनवते. काटकसरीने चालवलेल्या यंत्रणेबरोबरच तिथेही पाचक टाकीत बाहेरून घातलेल्या खरकट्याचा आणि चरबीयुक्त मालाचा वाटा आहे.

शहाड-कल्याणला यातून काय घेता येईल? माल हाताशी आहे. कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत भाजीपाल्याचा आणि फुलांचा टाकाऊ माल रोज निघतो. उंबर्डे येथे पालिकेचा ओल्या कचऱ्यावरचा बायोगॅस प्रकल्प आहे. सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या गाड्या रस्त्यावर फिरतच असतात. या गाड्यांचा मैला नाल्यात न जाता मोजून पाचक टाकीत आला, तर माझ्या मते या पट्ट्यातला पहिला फायद्याचा प्रकल्प तोच ठरेल. मोठ्या सांडपाणी केंद्राचा नंबर त्यानंतर.

जलपर्णीपासून गॅस ही कल्पना दर उन्हाळ्यात नव्याने निघते. ताज्या जलपर्णीत ९३ ते ९५ टक्के पाणी असते. एका टनातून साधारण १० ते १२ घनमीटर गॅस मिळेल, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. ती नदीतून ओढायला, चिरायला आणि वाहायला लागणारे डिझेल कदाचित त्याहून जास्त. नदी मोकळी करण्यासाठी जलपर्णी काढावीच, पण गॅसच्या नावावर तिचा खर्च दाखवू नये. तिच्या मुळांत जड धातू साठतात, म्हणून नदीकाठी ढीग लावून तिचे कंपोस्ट पालेभाजीला घालणाऱ्यांनीही जरा थांबावे.

शहाडची खरी अडचण

शहाड रेयॉनसाठी ओळखले जाते. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना इथलाच. पलीकडच्या मोहने येथील एनआरसी २००९ पासून बंद आहे. व्हिस्कोज रेयॉन करताना लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवतात आणि त्याचा धागा गंधकाम्ल, सोडियम सल्फेट व झिंक सल्फेटच्या द्रावणात ओढतात. अशा उद्योगाच्या सांडपाण्यात सल्फेट आणि जस्त हे दोन घटक ठरलेले. त्यांनी ते स्वतःच्या केंद्रात वेगळे करायचे असते. मी इथे कोणाकडे बोट दाखवत नाही. सांगायचे आहे ते असे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळले तर पाचक टाकीत काय होते.

सल्फेट आले की मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांच्या ताटातले खाद्य दुसरेच जीव पळवतात. ते मिथेनऐवजी हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तोच सडक्या अंड्यांचा वास. एक किलो सल्फेट सुमारे दोन-तृतीयांश किलो सेंद्रिय भार (सीओडीच्या मापात) खाऊन टाकते. गॅस घटतो, इंजिन गंजते, आणि हा वायू माणसाचा जीव घेतो. जास्त प्रमाणात नाक बधिर होते आणि वास येणेच बंद पडते. म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून कोणीही टाकीत उतरू नये. घरच्या गोबरगॅसलाही हाच नियम.

जस्ताचे वेगळे. ते गॅसमध्ये जात नाही, पाण्यात फारसे राहत नाही, गाळाला चिकटते. मैल्यातील सेंद्रिय भाग पचून कमी होतो आणि धातू तेवढेच राहतात. म्हणून पचलेल्या गाळात धातूंची टक्केवारी आधीपेक्षा वाढलेली असते. गॅस जितका चांगला निघाला, तितका गाळ धातूंच्या बाबतीत दाट. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

रेयॉनपुरता हा प्रश्न नाही. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांचे पाणी वालधुनीत वर्षानुवर्षे गेले. वालधुनी आणि उल्हासच्या प्रदूषणाबाबत ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये पालिका आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना दंड ठोठावला. खेमाणी नाला शहाड भागातच उल्हास नदीला मिळतो. त्याचे पाणी अडवून प्रक्रिया केंद्राकडे वळवण्याचे काम उल्हासनगर पालिकेला हाती घ्यावे लागले. याच परिसरातून स्टेम, म्हणजे शहाड-टेमघर योजना, नदीचे पाणी उचलून ठाणे, भिवंडी आणि मिरा-भाईंदरला पाठवते. नाला वळवला की नदी सुटते, हे चांगलेच. पण नाल्यात जे काही होते ते आता केंद्राच्या गाळात उतरणार, आणि तो गाळ पुढे कुठे जातो हे शेतकऱ्याने विचारायचे.

गाळ म्हणजे किती आणि कसले खत

लाख माणसांच्या सांडपाण्यातून पचनानंतर रोज साधारण ३ टन कोरडा गाळ उरतो. त्यात नत्र २ ते ४ टक्के, स्फुरद २ टक्क्यांच्या आसपास, आणि पालाश अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पालाश पाण्यात विरघळतो, तो पाण्याबरोबर निघून जातो.

भाताचे उदाहरण घ्या. कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश ही शिफारस आहे. तुम्ही ४ टन कोरडा गाळ घातला आणि त्यात अडीच टक्के नत्र धरले, तर एकूण नत्र १०० किलो होते. पण पहिल्या वर्षी पिकाला त्यातले ३० किलोच्या आसपास मिळेल, बाकीचे जमिनीत हळूहळू सुटेल. म्हणजे युरिया बंद करता येणार नाही, कमी करता येईल. स्फुरद मात्र ८० किलो पडले, गरजेपेक्षा जास्त. त्या शेताला त्या वर्षी सुपर फॉस्फेट किंवा डीएपी घालणे म्हणजे पैसे पाण्यात. पालाश केवळ १२ किलो आला, म्युरेट ऑफ पोटॅश जवळपास पूर्ण द्यावे लागेल. ‘सेंद्रिय खत घातले, आता काही नको’ असे म्हणून पालाश टाळणाऱ्याचे भात लोळते आणि दाणा पोचट राहतो.

ओला गाळ पसरला तर त्यातील अमोनिया उन्हात उडून जातो. पसरला त्याच दिवशी नांगराने किंवा चिखलणीत गाडावा.

आता धातूंचा हिशोब. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कमाल मर्यादा आहेत. किलोमागे जस्त १,००० मिलिग्रॅम, तांबे ३००, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १०, कॅडमियम ५, पारा ०.१५. मैल्याच्या गाळालाही हीच फूटपट्टी लावा, यापेक्षा सैल लावू नका. जस्ताची मर्यादा आपल्या भाषेत अशी: १,००० मिलिग्रॅम जस्त असलेला ५ टन माल हेक्टरी घातला की ५ किलो जस्त पडते. आपण कमतरता असलेल्या भातखाचराला २५ किलो झिंक सल्फेट देतो, त्यातही २१ टक्क्यांनी सव्वापाच किलोच जस्त असते. म्हणजे मर्यादेतला गाळ एकदा घातला की झिंक सल्फेटचा एक हप्ता आपोआप झाला. दरवर्षी घातला तर मात्र जस्त साठत जाईल. मर्यादेच्या चौपट जस्त असलेला गाळ एका फेरीत २० किलो टाकतो. ते काढून घेण्याचा उपाय शेतकऱ्याच्या हातात नाही.

कॅडमियम जास्त कपटी. मर्यादेतल्या ५ टन मालातून हेक्टरी २५ ग्रॅम पडते. वरच्या १५ सेंटिमीटर मातीत ही वाढ नगण्य दिसते, पण वीस वर्षे दरवर्षी घातल्यास ती किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त होते. अनेक जमिनींत मुळातच एवढे कॅडमियम असते, म्हणजे ते दुप्पट झाले. पिकाला त्याने काही होत नाही, पीक हिरवेगार दिसते. ते पानातून खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात जाते. आम्लधर्मी जमिनीत त्याची उचल वाढते, म्हणून सामू ६ च्या खाली असलेल्या वरकस आणि तांबड्या जमिनींना हा गाळ शक्यतो नको. भाताच्या पाणी भरलेल्या खाचरात कॅडमियम सल्फाइडच्या रूपात अडकून राहते. मात्र दाणा भरताना पाणी लवकर तोडले तर ते पुन्हा मोकळे होते.

पालक, लालमाठ, अळू, मुळा, कोथिंबीर ही पिके धातूंची सर्वांत जास्त उचल करणाऱ्यांत येतात आणि हीच पिके रेल्वेरुळांच्या कडेला, नाल्याच्या पाण्यावर, रेल्वेच्या ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेतील जमिनींवर वर्षानुवर्षे घेतली गेली. त्या भाजीवाल्यांना दोष देणे सोपे आहे. स्वच्छ पाणी त्यांना कोणी दिले होते?

मग जंतांची अंडी. ३५ अंशांवर चालणारी पाचक टाकी बरेच रोगजंतू कमी करते, पण गोलजंताची अंडी तिच्यातून जिवंत बाहेर पडतात. ती मरायला ५५ अंशांच्या वर काही दिवस लागतात. हे काम गाळ पालापाचोळ्यात मिसळून नीट तापलेला ढीग करतो. नुसता उन्हात पसरलेला गाळ हे खात्रीने करत नाही. अमेरिकेत अशी उष्णता न दिलेल्या गाळाच्या जमिनीत, मातीला टेकणारी भाजी किंवा फळ १४ महिने काढू देत नाहीत. स्वित्झर्लंडने २००६ मध्ये शेतात मैल्याचा गाळ टाकणेच बंद केले, आणि अमेरिकेतील मेन राज्याने २०२२ मध्ये. श्रीमंत देशांनी असे का केले, हे आपल्या पालिकेला विचारायला हरकत नाही.

मी स्वतः सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. आपल्या जमिनींत सेंद्रिय कर्ब घसरलेला आहे आणि स्फुरद आपण परदेशातून आणतो. घरगुती मैल्याचा, कारखान्याचे पाणी न मिसळलेला, कंपोस्ट करून तापवलेला गाळ भाताला, नेपियर गवताला, बांबूला, चिकू-आंब्याच्या आळ्याला द्यायला माझी हरकत नाही.

पाण्याचेही थोडे

विनाऑक्सिजन प्रक्रिया कर्ब काढते, नत्र-स्फुरद जवळपास तसेच सोडते. नदीत सोडायला ते वाईट, कारण जलपर्णीला जेवण मिळते. शेतीला तेच उपयोगी, पण मोजून. लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र असलेल्या पाण्याच्या ५ सेंटिमीटरच्या दहा पाळ्या दिल्या, तर हेक्टरी २०० किलो नत्र पडते. एवढ्या नत्रावर भेंडी नुसती पाला वाढवते, फळ कमी धरते, आणि मावा-तुडतुडे जमतात. अशा पाण्यावर भेंडी घेणाऱ्याने वरून युरिया देऊ नये, आणि अर्ध्या पाळ्या विहिरीच्या पाण्याच्या द्याव्यात. पाणी तुषारने नको, सरीने किंवा ठिबकने द्यावे. ठिबक असेल तर वाळूचा फिल्टर हवाच.

ट्रॉली दारात आली तर

कागद मागा. ‘चाचणी झाली आहे’ हे तोंडी सांगणे चालणार नाही. त्याच लॉटचा, तारखेसह, आठही धातूंचा अहवाल हवा. सहा महिन्यांपूर्वीचा अहवाल दुसऱ्याच गाळाचा असतो. गाळ कोणत्या केंद्राचा आहे आणि त्या केंद्राकडे औद्योगिक वसाहतीचे किंवा धुलाई कारखान्यांचे पाणी येते का, हे विचारा. उत्तर ‘थोडेफार येते’ असे असेल तर ट्रॉली परत पाठवा. कंपोस्ट केले असेल तर ढिगाच्या तापमानाची नोंदवही दाखवायला सांगा. चालवणाऱ्याने तापमान पाहिले असेल तर वही असतेच.

एकट्याने विचारण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या ठरावाने विचारलेले बरे. ठराव पालिकेला आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना पाठवता येतो. गाळ स्वीकारणाऱ्या गावाने दरवर्षीच्या माती परीक्षणाचा खर्च पुरवठादारावर टाकावा आणि ते करारात लिहून घ्यावे. शहराला गाळ टाकायला जागा हवी आहे, तेव्हा अट घालण्याची वेळ तीच.

आणि घेण्याआधी स्वतःच्या शेताची माती तपासा. वरच्या १५ सेंटिमीटरमधून ८-१० ठिकाणचे नमुने एकत्र करून अर्धा किलो माती प्रयोगशाळेत द्या. सामू, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद आणि जस्त यांच्यासोबत कॅडमियम, शिसे व क्रोमियमही मागून घ्या. नेहमीच्या मृद आरोग्य पत्रिकेत हे तीन धातू नसतात, त्यासाठी वेगळी फी पडते. नमुना गाळ टाकण्याच्या आधीचा असावा आणि त्याची पावती जपून ठेवावी. भातासाठी घेणार असाल तर एप्रिलमध्ये नमुना द्या, म्हणजे मेच्या अखेरीस, पहिल्या नांगरटीआधी, अहवाल हातात असेल.